भुरीवर नजर

"खाल्लं का तिनं?" माझ्या नवऱ्यानं, अनिमेषनं, ऑफिसातून फोनवर विचारलं.

मी खिडकीचा पडदा जरा सरकवला. समोरच्या नळाच्या ओट्याखाली भुरी पडली होती. सकाळी टाकलेली पोळी तिच्यापुढे तशीच.

"नाही अजून."

"आज शेवटचा दिवस आहे ना? बघत राहा."

दुसरं करत तरी काय होते मी? तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीतली ही कुत्री माझ्या लेकीच्या, रुचिताच्या पोटरीला चावली, तेव्हापासून भाजी निवडायची तर खिडकीत, केस विंचरायचे तर खिडकीत. इंजेक्शनं लगेच सुरू झाली होती. पण डॉक्टर म्हणाले होते, दहा दिवस कुत्रीवर नजर ठेवा. खातपीत राहिली, नीट राहिली तर घाबरायचं कारण नाही. एकदा तिच्या तोंडाला फेस दिसला म्हणून मी चप्पल न घालता धावले. ती दुधाची फाटकी पिशवी चाटत होती.

शेजारच्या कलावतीकाकूंना हे पटत नव्हतं. "तुह्याच पोरीले चावलं न व ते? अन् तूच काहून रोकून राहिली? कुत्रे धरनाऱ्या गाडीवाल्याले फोन करतो, नेऊन टाकतीन."

"दहा दिवस होऊ द्या, काकू. मग करा."

"पाह्य बरं. मंग नाही म्हनू नको."

"नाही म्हणणार." त्यांना असा शब्द देऊन बसले होते मी.

आतल्या खोलीत रुचिता पाय लांब करून शाळेची फिल्म करत होती. सातवीच्या वर्गाला विषय दिला होता, खुशी. हिनं कुत्री निवडली.

"जी चावली तिच्यावरच?" मी विचारलं होतं.

"उसकी पूँछ पे मेरा पैर पड़ा था, मम्मी. ती काय करणार?"

कणकेत कॉफी मळून तिनं भुरी केली होती. मोबाइल उलट्या डब्याला चिकटपट्टीनं बांधलेला. कणकेची कुत्री केसभर सरकवायची, हात काढायचा, फोटो. परत केसभर. सगळे फोटो जोडले की ती चालते म्हणे. पोटरीवर पट्टी असल्यानं रुचिताला वाकता येत नव्हतं, म्हणून सरकवायचं काम माझं. आणि माझं निम्मं लक्ष खिडकीकडे.

"मम्मी, हाथ हटाओ ना. हर फोटो में आ रहा है."

दुपार कलली तरी पोळी तशीच. शेवटी दुधात दुसरी पोळी कुस्करली आणि वाटी घेऊन गल्लीत गेले. वाटी ठेवली, पण मागे सरकायचं सुचलं नाही. भुरीनं डोकं उचललं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या बोटांशेजारी तोंड घालून वाटी चाटून-पुसून साफ केली. मग उठून शेपटी हलवत गल्लीच्या टोकाला गेली. मी ओट्यावर बसले आणि ओढणीत तोंड खुपसून रडले.

घरात आले तर रुचिता म्हणाली, "देखो, कितना बन गया."

मोबाइलवर काड्यापेटीची खिडकी होती. खिडकीत पिवळ्या ओढणीची कणकेची बाई. खालून कुत्री धडपडत येत होती, मध्येच माझा हात चमकून जात होता.

"ये तू है. सब उसको भगाते हैं, तूच दिवसभर बघते. यही उसकी खुशी है." मग कणकेच्या कुत्रीकडे बोट दाखवत म्हणाली, "बस, आता ती खिडकीखाली बसली की झालं."

मी कणकेची कुत्री उचलून खिडकीखाली ठेवली.

तेवढ्यात काकू दारात. "झाले न व दहा दिवस? करू का फोन?"

"कौन सा फोन?" रुचितानं माझ्याकडे पाहिलं.

"राहू द्या, काकू," मी म्हटलं.

"पाह्य, शब्द देल्ला होता तू. उद्या दुसऱ्याच्या लेकराले चावलं त मी तुह्याच दारात येईन."

यात त्यांचं काही चुकत नव्हतं. उद्यापासून पुन्हा खिडकीत उभं राहायचं, आता सगळ्या गल्लीच्या लेकरांसाठी, एवढंच कळलं. काकू पुटपुटत गेल्या.

रुचितानं बटणावर बोट ठेवलं. "मम्मी, हाथ."

दिवसभर हाताळून कणकेच्या कुत्रीचा मागचा पाय मऊ पडला होता. मी तिला बोटाचा आधार दिला होता; बोट काढलं की ती कलंडणार होती.

"फोटो में आएगा," रुचिता म्हणाली.

"दिसू दे," मी म्हटलं, आणि बोट तिथंच ठेवलं.