पावडर न मानवलेला वाण

मलेरियाचे परजीवी पोसणं म्हणजे नखरेल पाहुणा पोसणं, असं प्रयोगशाळेत सगळेच म्हणत. त्यांना माणसाच्या तांबड्या पेशी लागतात, ऊब लागते, आणि ज्या द्रवात ते वाढतात त्या मीडियममध्ये माणसाच्याच रक्ताचं सीरम, म्हणजे पेशी काढून उरलेलं पिवळसर पाणी, लागतं. हे सीरम म्हणजे डोक्याला ताप. एकाचं मानवतं, दुसऱ्याचं नाही, आणि देणारे तर शोधूनही सापडत नाहीत. म्हणून सरांनी सीरमऐवजी घालायची तयार पावडर मागवली आणि निवडीचं काम बाटल्या सांभाळणाऱ्या ताईवर सोपवलं. प्रत्येक वाण, म्हणजे एकेका रोग्याच्या रक्तातून काढलेले परजीवी, दोन्हींवर वाढवून बघायचा आणि शुक्रवारी कुठलं तरी एक मीडियम ठरवायचं.

"दोन-दोन स्वयंपाक परवडणार नाहीत," सर म्हणाले. "एखादा वाण गेला तर गेला."

ताईने मान हलवली. त्यातला एक वाण तिच्या धाकट्या भावाच्या रक्तातून काढलेला होता. भाऊ पलीकडच्या इमारतीतल्या वॉर्डात मलेरियाने वारला. ताप मेंदूत चढला होता. ज्याने त्याला नेलं ते मात्र इथे बाटलीत सुखरूप होतं. खरं तर ती बाटली तिने आपटून फोडायला हवी होती. पण तिला राग आला नाही, रडू आलं नाही, काहीच आलं नाही. दाढेला भुलीची सुई दिल्यावर गाल परका वाटतो, तसं तिचं मन झालं होतं. ती इतर बाटल्यांबरोबर त्याही बाटलीचं मीडियम बदलत राहिली.

बाकीचे वाण पावडरवर मजेत वाढले. भावाचा मात्र हटून बसला; तो फक्त सीरमवरच जगे. पावडरवरचा थेंब काचेवर पसरून, रंगवून मायक्रोस्कोपखाली धरला की पेशींत मेलेल्या परजीवींचे सुकलेले काळे ठिपके तेवढे दिसत. फ्रीझरमध्ये गोठवून ठेवलेल्या नळ्यांतूनही त्याचं काही जिवंत निघालं नव्हतं. म्हणजे पावडर ठरली की हा वाण कायमचा संपला. तो संपावा की राहावा, हे तिचं तिलाच कळेना.

गुरुवारी संध्याकाळी आई शेंगा सोलत बसली होती. "दगड आहेस तू," ती म्हणाली. "पाठचा भाऊ गेला आणि तुझ्या डोळ्यांतून टिपूस नाही."

हे रोजचंच होतं. पण त्या दिवशी ताईने बाटलीचं सगळं सांगून टाकलं. आता आई शिव्यांची लाखोली वाहणार, असं तिला वाटलं. आईचे हात थांबले.

"नीट खातं का ते?"

"नाही. नवीन काही चालत नाही. माणसाचंच लागतं."

"त्याचंही तसंच होतं. पानात नवीन काही दिसलं की तोंड फिरवायचा." आईने बाही वर सारली. "माझं घेशील? माझ्याच रक्तावर वाढला होता तो."

रक्त देणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा प्रश्न ताईच्या तोंडून आपसूक निघाला. "कुठली गोळी चालू आहे?"

"झोपेची. तो गेल्यापासून."

"मग नाही चालणार. औषध चालू असलेल्याचं रक्त घेत नाहीत."

बोलून गेली आणि तिला स्वतःची लाज वाटली. एका घरात राहून, एका छताखाली झोपून तिला या गोळ्यांचा पत्ता नव्हता. आईने बाही खाली घेतली. ताई तिच्याजवळ सरकली आणि शेंगा सोलू लागली.

शुक्रवारी सकाळी तिने रक्त काढायला आपलाच हात सहकाऱ्यापुढे धरला. दुपारी ती सरांच्या खोलीत गेली.

"पावडरच ठरवा, सर. फक्त एका वाणाला सीरम लागेल."

"एकासाठी? आणि ते देणार कोण?"

"मी देईन. घरातलाच आहे तो," ती म्हणाली, आणि दाराला टेकली. सरांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. खुर्चीत बसून, हातमोजे न काढताच, ती हमसून हमसून रडली.