शेवटचं काय म्हणाला तो

मी बोलतेय. ही, कवळ्यांच्या दुकानासमोर भिंतीला टेकवलेली, वाकड्या हँडलची मोटरसायकल. तुम्ही येता-जाता माझ्याकडे बघता, च्च च्च करता आणि पुढे जाता. काही जण तर माझ्या सीटवर पिशव्या ठेवून निवांत फोनवर बोलतात. खुशाल ठेवा. पण आज जरा थांबा. पोटात आहे ते बोलून टाकल्याशिवाय मला धड गंजतासुद्धा येत नाही.

स्वभाव आधीच सांगून टाकते. मी तापट. कारखान्यातून आले तीच अशी. पहिल्या दिवशी ज्याने मला किक मारली त्याची पोटरी मी किक उलटी फिरवून सोलून काढली होती. पहिला मालक कुरियरवाला. त्याने मला कधी धुतलं नाही, वेळेवर तेल घातलं नाही. चढावर शिव्या आणि उतारावर इंजिन बंद, हा त्याचा कारभार. एक दिवस मी भर चौकात पिस्टन जाम करून बसले. त्याने मला दोन लाथा घातल्या आणि भंगारवाल्याच्या दारात नेऊन टाकलं. तिथे पावसापाण्यात पडून माझी पार रया गेली.

तिथून मला उचललं कवळीने. हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि हा नि त्याची बायको टेबलाच्या दोन बाजूंना बसून मेण वितळवायचे, दात बसवायचे, घासून गुळगुळीत करायचे. माणूस हाताचा तरबेज, पण तोंडाचा मुका. बायको म्हणायची, "जगाला दात देता, स्वतःचं तोंड उघडायला काय होतं हो?" हा नुसता हसायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला त्याच्या तोंडून एक वाक्य काढायचं तर घाम फुटायचा.

आणि हाच मुका माणूस ग्रुपवर मात्र धो धो बोलायचा! ग्रुपचं नाव 'दोन चाकं'. शेकडो मोटरसायकलवेडे, गावोगावचे, बहुतेकांनी एकमेकांची तोंडंसुद्धा पाहिलेली नाहीत. भंगारातून आणल्यावर याने माझा फोटो टाकला आणि विचारलं, "हिच्यात जीव आहे का?" ग्रुप चालवणारा कॅप्टन म्हणाला, "पुरून टाक." मावशी म्हणून एक पन्नाशीची बाई आहे, स्वतः मोठी गाडी दामटते, ती म्हणाली, "कार्ब्युरेटर उघड आणि फोटो पाठव. या मेल्याचं ऐकू नकोस." मग रोज दुकान बंद झालं की हा माझी हाडं उघडून बसायचा आणि मावशी तिकडून सांगायची. मी पहिल्यांदा धडधडले त्या दिवशी त्याने तो आवाज ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी मिळून त्याला इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका. त्या ग्रुपात प्रेम म्हणजे शिव्याच. फोन माझ्या हँडलवर बसवलेला असायचा, त्यामुळे मलाही सगळं वाचायला मिळायचं.

आता त्या रविवारचं सांगते. सकाळची वेळ, रस्ता मोकळा, ग्रुपातल्या काही जणांना चहाला भेटायला आम्ही मजेत चाललो होतो. बाजूच्या गल्लीतून एक पांढरी व्हॅन, टपावर शिडी बांधलेली, न थांबता, न बघता सरळ आमच्या अंगावर आली. माझी ब्रेकची दांडी तिच्या पत्र्यात घुसली आणि दरवाज्याखाली लांबलचक चीर पाडत तुटून तिथेच अडकली. पुढचं चाक धरणारा माझा काटा मोडला. तो माझ्यावरून उडाला, रस्त्यावर आपटला, घसरत दुभाजकापर्यंत गेला आणि तिथे त्याच्या छातीचा जो आवाज झाला तो माझ्या लोखंडात अजून बसलाय.

मी आडवी पडले. रेसची मूठ वाकून अडकली होती, त्यामुळे इंजिन पूर्ण जोरात किंचाळत राहिलं. व्हॅन थांबली. माणूस उतरला, धावत त्याच्याजवळ गेला, उकिडवा बसला. माझ्या कवळीने हात वर केला आणि त्याची विजार घट्ट धरली. त्याचे ओठ हलत होते. तो बोलत होता! पण मी अशी बोंबलत होते की मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मग त्या माणसाने विजार सोडवून घेतली, इकडेतिकडे पाहिलं आणि व्हॅन घेऊन पसार झाला. मुडदा बसवला त्याचा. पेट्रोल संपेपर्यंत मी तशीच किंचाळत राहिले आणि मी गप्प झाले तेव्हा तोही गप्प झाला होता.

फोन मात्र जिवंत होता. त्यावर एकामागून एक निरोप पडत होते. "कवळी, कुठे उलथलास?" "चहा गार झाला रे." आणि मावशीचा: "मेलास का?" थोड्या वेळाने तिने फोन केला. कुणा वाटसरूने तो उचलला आणि म्हणाला, "बाई, तुमचा माणूस गेला." मावशीने जी किंकाळी फोडली ती ऐकून त्या बिचाऱ्याच्या हातून फोन खाली पडला.

त्याच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. त्यात सगळं टिपलं गेलं होतं: व्हॅन, दरवाज्याखालची चीर, शिडी, धूसर नंबर, उकिडवा बसलेला माणूस, विजारीला धरलेला हात. आवाज मात्र फक्त माझा. बायकोने तो व्हिडिओ किती वेळा लावला असेल! फोन कानाला चिकटवून, डोळे मिटून ऐकायची आणि मग तोच फोन गादीवर आपटायची. "काहीतरी म्हणालेत हो ते," ती मावशीला सांगायची. "आयुष्यभर माझ्याशी धड बोलले नाहीत. शेवटचं बोलले ते एका परक्याशी. मला तेवढं पाहिजे, मावशी. बाकी मला काही नको."

ग्रुपला मात्र वेगळंच पाहिजे होतं. पहिल्या दिवशी सगळे ढसाढसा रडले. दुसऱ्या दिवशी रडून झालं आणि डोळ्यांत रक्त उतरलं. व्हिडिओतलं एक चित्र थांबवून शेकडो लोक त्यावर तुटून पडले. कुणी ते मोठं केलं, कुणी उजळ केलं, ज्याला जो आकडा हवा तो त्याने त्यात पाहिला. मग कुणीतरी एक फोटो टाकला: पांढरी व्हॅन, टपावर शिडी, वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानासमोर उभी. "हाच!" कॅप्टनने लिहिलं आणि ग्रुपात जणू भडका उडाला. "तोडा." "हात काढा त्याचे." फोटोतल्या त्या व्हॅनचा दरवाजा कुणी नीट पाहिलासुद्धा नाही.

कवळीला शेवटची सलामी द्यायच्या नावाखाली सगळे जमले. मला टेंपोवर चढवलं, हार घातला. कॅप्टन बायकोला म्हणाला, "वहिनी, आज त्याला तुमच्या पायावर घालतो." ती म्हणाली, "आधी मला त्याला विचारू द्या." एवढं बोलून ती टेंपोत माझ्याशेजारी चढली आणि माझं वाकडं हँडल धरून बसली. चारी बाजूंनी इंजिनं गरजत होती. खोटं कशाला बोलू, मलाही चेव चढला होता. मलाही त्या माणसाची हाडं मोडलेली बघायची होती.

आम्ही पोचलो आणि माझं पाणी पाणी झालं. व्हॅन समोर उभी होती. दरवाजा धड! खाली ना चीर, ना ठिगळ, वर्षानुवर्षांची धूळ आणि जुना रंग जशाचा तसा. अरे, ही नव्हे! ही ती नव्हेच! पण मोडक्या मोटरसायकलला विचारतो कोण?

दुकानात एक साठीचा माणूस मशीनची पाठ उघडून बसला होता. "ही व्हॅन कुणाची?" कॅप्टनने विचारलं. तो पाना हातात घेऊनच उठला. "माझी. का हो, आडवी आली का?" पुढचा शब्द त्याच्या तोंडातच राहिला. पहिलं हेल्मेट त्याच्या जबड्यावर बसलं. डोकं वाचवायची वस्तू, आणि तीच घेऊन ते एकामागून एक त्याचं डोकं फोडायला धावले. त्याला केस धरून रस्त्यावर ओढला. बुटांच्या लाथा बरगड्यांत बसल्या. मावशीने पान्याने व्हॅनच्या काचा फोडायला घेतल्या; एकेका घावाला ती "मेलास का, मेलास का" ओरडत होती आणि तिच्या तोंडाला फेस आला होता. म्हाताऱ्याने डोक्यावर हात घेतला, तर कुणीतरी त्या हातावर पाय दिला. हाड मोडल्याचा आवाज टेंपोवर मला ऐकू आला. त्याच्या तोंडातून वरची कवळी बाहेर उडाली आणि दोन तुकडे होऊन पडली. मागून लोक ओरडत होते, "कवळीसाठी! कवळीसाठी!"

बायको टेंपोतून खाली उतरली. गर्दी बाजूला झाली. ती त्याच्यापाशी बसली, त्याचं रक्ताळलेलं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ओरडली, "काय म्हणाले ते? शेवटचं काय म्हणाले? बोल!"

"कोण, ताई? मला नाही माहीत, मी नाही..."

कॅप्टनने लाथ घातली. "वहिनी विचारतायत ते सांग!"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. बाईला काय ऐकायचंय ते तिच्या डोळ्यांत कुणालाही वाचता आलं असतं. "तुमचं... तुमचं नाव घेतलं त्यांनी, ताई," तो म्हणाला.

तिचा चेहरा एकाएकी उजळला. तिने त्याला आणखी जवळ ओढला. "माझं नाव? माझं नाव घेतलं? कसं म्हणाले? म्हणून दाखव ना."

त्याने धड हाताने तिचे पाय धरले.

"माझं नाव घेतलं ना? मग घे की. काय आहे माझं नाव?"

म्हातारा रडायला लागला. "नका हो मारू. तुमच्या पाया पडतो. नका मारू."

तिने त्याचं तोंड सोडलं. "सोडा त्याला," ती म्हणाली. "हा तो नाही." "नाटक करतोय साला!" मागून कुणीतरी ओरडलं आणि पुन्हा एक हेल्मेट उगारलं गेलं. ती म्हाताऱ्यावर आडवी पडली. घाव तिच्या खांद्यावर बसला. तेव्हा मावशीने पाना फेकला, गर्दीत शिरली आणि कॅप्टनच्या अशी कानफटात ठेवून दिली की तो खालीच बसला. "दरवाजा बघ," ती म्हणाली. "डोळे फुटलेत का तुझे? हा दरवाजा बघ!"

सगळ्यांनी दरवाजा पाहिला. मग जो तो आपापल्या गाडीकडे वळला. इंजिनं हळू आवाजात सुरू झाली आणि रस्ता रिकामा झाला. ग्रुपवरचे ते शूर निरोप संध्याकाळपर्यंत पुसले गेले. मावशी म्हाताऱ्याला दवाखान्यात घेऊन गेली, तिथून स्वतःच चौकीत जाऊन बसली आणि कॅप्टनलाही बोलावून घेतलं. बायकोने रस्त्यावरचे कवळीचे तुकडे गोळा केले आणि पदरात बांधले.

नंतर ती एकटीच त्या टेबलाशी बसली. तुकडे जोडले, दात पुन्हा बसवले, दिवसचे दिवस घासत राहिली. म्हातारा आला तो हात गळ्यात अडकवून, चेहरा अजून काळानिळा. दुकानात दोघंच, मी बाहेर, पण दार उघडं होतं.

"ताई, मारलंत त्याचं जाऊ द्या," तो म्हणाला. "पण मी तुमच्या माणसाच्या नावावर खोटं बोललो. ते मनातून काढून टाका."

"तोंड उघडा," ती म्हणाली. कवळी बसवली. "टोचतंय का कुठे?"

"नाही."

"चावून बघा."

तो चावत राहिला आणि ती टेबलाच्या कडेला धरून हुंदके देत राहिली. शेवटी त्याने आपला धड हात तिच्या डोक्यावर ठेवला.

माझं म्हणाल तर ग्रुपातले काही जण आले होते, मला दुरुस्त करून चौकात स्मारक म्हणून उभं करायचं म्हणत होते. तिने त्यांना दारातूनच हाकललं. मला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलंय. बरंच झालं. मी कुणाचं स्मारक-बिमारक नाही. मी इथे उभी राहून समोरून जाणाऱ्या प्रत्येक व्हॅनचं अंग बघते.

तेव्हा व्हॅनवाल्या, आता तुझ्याशी बोलते. पत्रा बदल, रंग दे, शिडी काढून टाक. मी तुला ओळखीन. खूप दिवस मला तुझा गळा घोटावासा वाटत होता, अजूनही मधूनमधून वाटतो. पण ये. इथे मारणारं आता कुणी उरलं नाही. आतमध्ये एक बाई लोकांचे दात घासत बसलेली असते. ती तुला एकच गोष्ट विचारेल. तो शिवी देऊन गेला असेल तर ती शिवी सांग. पाणी मागितलं असेल तर पाणी सांग. काहीच कळलं नाही, नुसता विजार धरून पडला होता, तर तसं सांग; तेही ती ऐकून घेईल. आणि तिचं नाव घेतलं असेल, तर मेल्या, ती विचारायच्या आधी ते नाव तुझ्या तोंडून येऊ दे.