टोनबाबाची डबी

सरावखोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शहरातल्या अर्ध्याअधिक बँडची मंडळी भिंतीला चिकटून उभी होती आणि मध्ये टोनबाबा. काळा टी-शर्ट, आठ बोटांत अंगठ्या, हातात लोखंडी डबी. बँडच्या गोंगाटात हरवलेली गिटार ही डबी ऐकू आणते म्हणे.

माझी धाकटी बहीण घामाघूम झाली होती. घरी एकटी वाजवायची तेव्हा तिच्या गिटारची गुरगुर खिडक्या हलवायची. इथे ड्रम आणि माझी बेस गिटार सुरू झाली की ती गडप. ड्रमवाल्याने सकाळीच तोंडावर सांगितलं होतं, "आज ऐकू आली नाहीस, तर रविवारच्या कार्यक्रमात तुझ्या जागी दुसरा."

आधी एक गाणं वाजवलं. गिटार गायब.

"सुराचा आत्मा कोंडलाय," बाबा म्हणाला. "या डबीतली तार सात वर्षं अंधारात मुरलीये. आता सगळ्यांनी डोळे मिटा. डोळे मिटले की कान उघडतात!"

चाळीस शहाण्यांनी डोळे मिटले. मीही मिटले, सांगायला लाज वाटते. बाबा पुटपुटत फडक्याने गिटारचा अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा खोका, पुसत राहिला, मग डबी त्याच्यावर ठेवली. पुन्हा तेच गाणं, आणि गिटार लख्ख ऐकू आली! धाकटी रडायलाच लागली. डबी घ्यायला झुंबड उडाली.

"थांबा जरा," मागून आत्या म्हणाली. आत्या कानाच्या दवाखान्यात लोकांचं ऐकणं तपासते. धाकटीला घरी न्यायला आली होती. "मी नाही मिटले डोळे. बाबा, पुसता पुसता बटणं का फिरवलीत?"

"बाई, श्रद्धा नसेल तर..."

"श्रद्धा राहू द्या. डबीही राहू द्या तिथेच. पोरी, बटणं होती तशी कर."

धाकटीने प्रत्येक बटणाची जागा नेलपॉलिशच्या ठिपक्याने खुणावली होती. आता एकही बटण ठिपक्यावर नव्हतं. तिने ती परत जागेवर आणली. डबी वर असूनही गिटार गडप! मग आत्याने डबी उचलली आणि बटणं बाबाने केली होती तशी करायला लावली. गिटार हजर.

"एकटी वाजवताना तू खर्ज आणि वरचा आवाज वाढवतेस, मधला शून्यावर," आत्या म्हणाली. "भारी वाटतं. पण बँडमध्ये खर्ज बेस गिटार खाते, वरचा ड्रमच्या झांजा खातात. उरतो मधला. माणसाचं बोलणंही त्यातच जास्त असतं, कान तो पटकन टिपतो. तोच तू बंद केलास. यांनी तो वाढवला, खर्ज आणि गुरगुर थोडी उतरवली. संपला चमत्कार."

ड्रमवाल्याने डबी उचकटली. तार कसली! वजनासाठी मेणात बसवलेला दगड.

"दगडातच तर शक्ती असते!" बाबा दाराकडे सरकत म्हणाला. आणि दोघा महाभागांनी चक्क मान डोलावली.

"पण आत्या, असा एकटा ऐकला की आवाज अगदी नाकातला वाटतो गं," धाकटी म्हणाली.

"रविवारी एकटी वाजवणार आहेस का?"

ड्रमवाला खाली बघत पुटपुटला, "रविवारी वेळेवर ये."

चाळीस वादक. प्रत्येकाच्या घरी अँप, प्रत्येक अँपवर तीच बटणं, आणि सगळा बँड वाजत असताना ती फिरवून पाहावीत एवढंही एकाला सुचलं नाही. बुद्धी वापरायला कुणाची परवानगी लागत नाही, मित्रांनो. कुणी डोळे मिटायला सांगितलं, तर आधी विचारा: का?