बोटाएवढा चाकू

चाकू घडवणाऱ्या गृहस्थांचे पत्र आले त्याला पाच महिने झाले होते आणि मी उत्तर दिले नव्हते. पत्र चार ओळींचे. अक्षर मोठे, ओळी वर चढत गेलेल्या. ‘वर्ष झाले. तीन गोष्टी सांगा. एक, खिशात अडचण होते का? दोन, धार कशी टिकली? तीन, याहून मोठा हवा होता असे कितीदा वाटले? खरे लिहा, वहीत उतरवायचे आहे. घाई नाही.’

‘घाई नाही’ या दोन शब्दांनीच घात केला, असे मी बहिणीला सांगत असे. ते खरे नव्हते. माझे घोडे अडले होते दुसऱ्या प्रश्नापाशी.

निवृत्त झाल्यापासून बुधवारी आणि शनिवारी सकाळी मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत फाटकी पुस्तके दुरुस्त करतो. खोलीत एक लांब टेबल, एक दाबयंत्र आणि खळीचे भांडे. तिथले लोक माझ्या पाठीमागे मला ‘डिंककाका’ म्हणतात, हे मला माझ्या कपावर कुणीतरी चिकटवलेल्या चिठ्ठीवरून कळले. दीड वर्षापूर्वी हे गृहस्थ एक जुनी वही घेऊन तिथे आले. शिवण सुटलेली, कडा काळ्या पडलेल्या. त्यांच्या वडिलांची वही. प्रत्येक पानावर एका चाकूचे मोजमापासह चित्र आणि खाली वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले शेरे. त्यांच्या घराण्याची रीतच तशी होती. नवा नमुना घडवला की पहिला चाकू विकायचा नाही. तो एखाद्या माणसाला द्यायचा, त्याने तो वर्षभर रोज खिशात बाळगायचा, मग बरे-वाईट जे अनुभवाला आले ते त्या पानावर लिहायचे. एका शिंप्याने लिहिले होते, ‘मूठ घामाने निसटते.’ एका माळ्याने नुसतेच, ‘उत्तम. बायकोने घेतला.’

वही बांधून दिली तेव्हा त्यांनी माझ्या तळहातावर एक चाकू ठेवला. मिटलेला असताना माझ्या करंगळीएवढा. शिंगाची मूठ, एकच पाते, पाते उघडायला नखापुरती खाच, आणि आत एक कमान, जिच्या जोरावर पाते उघडे राहते किंवा मिटलेले राहते.

“सगळ्यात लहान नमुना,” ते म्हणाले. “वडिलांना जमला नव्हता. वर्षभर ठेवा.”

“मी? अहो, माझा चाकूशी काय संबंध!”

“म्हणूनच. ज्याला हौस आहे तो कौतुकच करणार.”

मी ठेवला. आणि दुसऱ्याच महिन्यात एक उद्योग करून बसलो.

वाचनालयात कुणाच्या तरी संग्रहातून जुनी पुस्तके आली. त्यातल्या बऱ्याच पुस्तकांची पाने घडीवर कापलेलीच नव्हती, म्हणजे कुणी ती वाचलीही नव्हती. अशी पाने मोकळी करायला मी नवा चाकू काढला. धार अशी होती की पाते घडी सोडून सरळ पानात शिरले. तीन पानांच्या समासाला तिरप्या जखमा झाल्या. बांधणी करणाऱ्याला हे ठाऊक असते: घडी कापायला बोथट पाते लागते. ते घडीच्या पोटातून आपोआप सरळ जाते. धारदार पाते मात्र मन मानेल तिकडे पळते. मी तो चाकू घरी नेला आणि मोरीच्या दगडावर घासून बोथट करून टाकला. एका माणसाने आठवडाभर बसून लावलेली धार मी पाच मिनिटांत मारली. त्यानंतर तो चाकू मला इतका उपयोगी पडू लागला की काय सांगावे!

आता ‘धार कशी टिकली’ याला काय लिहायचे? छान टिकली म्हणावे तर खोटे. खरे लिहावे तर त्या माणसाच्या तोंडावर मारल्यासारखे. मी नऊ वेळा मायना लिहिला. नवव्यांदा ‘स. न. वि. वि.’च्या पुढे दोन शब्द गेलो.

मग एका बुधवारी त्यांची मुलगी आली. चाळिशीची, उंच, हातात तीच वही. वही पाहताच मला वाटले, शिवण सुटली. माझे काम कच्चे निघाले.

“नाही हो काका, वही ठणठणीत आहे,” ती म्हणाली. “हे पान दाखवायला आणली.”

शेवटच्या पानावर त्या लहान चाकूचे चित्र होते. खाली काहीच नव्हते.

“बाबा येत्या शनिवारी याचे साचे मोडीत देणार. छोटी ऐरणसुद्धा. यापुढे फक्त स्वयंपाकघरातल्या सुऱ्या.”

“का?”

“का म्हणजे? तुम्ही लिहिलं नाहीत ना. ते म्हणतात, एवढा सज्जन माणूस, वाईट कसं लिहिणार म्हणून गप्प बसलाय. म्हणजे चाकू फसला.”

माझ्या हातातला ब्रश खळीच्या भांड्यात पडला. तिने तो काढून पुसून ठेवला.

“मी त्यांना म्हटलं होतं, खाटकाला द्यायचा होतात,” ती हसली. “धडधडीत सांगून मोकळा झाला असता.”

“तुमचं काय मत आहे?” मी विचारले.

“माझं? खरं सांगू? मुठीच्या एवढ्याशा रिबिटी ठोकून बसवताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं. बंद झालं तर मला बरंच वाटेल. पण न आलेल्या पत्रामुळे बंद झालं, तर ते शेवटपर्यंत त्या पानाकडे बघत बसतील. आत्ता सांगता का? मी त्यांना सांगते.”

चाकू माझ्या उजव्या खिशात होता. नुसता काढून टेबलावर ठेवला असता तरी अर्धे काम झाले असते. पण मग तिने तो उघडला असता, पात्यावरून अंगठा फिरवला असता. मी म्हणालो, “लिहितो. आजच लिहितो.”

“फोनवर त्यांना ऐकू येत नाही, धार लावायच्या चाकाने कान गेलेत. आणि दोन तासांचा रस्ता आहे, तुम्ही काही येणार नाही. तेव्हा खरंच लिहा.” दारापाशी जाऊन ती वळली. “आणि काका, खोटं कौतुक नको. त्यांना वासावरून कळतं.”

घरी आलो. धाकटी बहीण माझ्याबरोबरच राहते. ती खिडकीपाशी बसून उशीचा अभ्रा उसवत होती, आणि उसवायला माझीच जुनी कात्री घेतली होती.

“हे बघ,” मी म्हणालो, “हा चाकू रोज जवळ बाळगायच्या लायकीचा आहे का? तुला काय वाटतं?”

“कोण विचारतंय?”

“मीच.”

“मग नाही. त्याने टोमॅटो कापला जात नाही, चेंगरतो. दोरी तुटत नाही. परवा खोक्याची पट्टी कापायला गेलास तर पातं मिटून बोटावर आलं आणि घरभर रक्ताचे ठिपके मी पुसले. दोनदा विजारीसकट धुतला गेलाय. आणि उघडायचा म्हटला की तुझं नख मोडतं, मग किल्ली शोधायची, मग चष्मा शोधायचा. चाकू कसला, चाकूचं पिल्लू आहे ते.”

“मग मी तो रोज का नेतो?”

तिने कात्री खाली ठेवली. “ते तुला माहीत. एकदा घरी विसरलास तर बसथांब्यावरून परत आलास. मी म्हटलं, औषध विसरला की काय.”

हे मी विसरलो होतो. मी टेबलाशी बसलो आणि मायना नंतर लिहायचा असे ठरवून आधी पहिल्या प्रश्नाचे उत्तर लिहिले: खिशात अडचण मुळीच होत नाही; उलट तो खिशात आहे हेच विसरतो आणि दोनदा कपड्यांबरोबर धुतला गेला. कमान गंजली नाही.

मग तिसरे, कारण ते सोपे वाटले. मोठा हवा होता असे वर्षात चार-पाच वेळा वाटले. खोक्याची पट्टी कापताना पाते बोटावर मिटले. पात्याला अटकाव नाही, त्याच्यावर जोर करायचा नसतो हे मी रक्त काढून शिकलो. जाड दोरीला तो पुरत नाही. पण वाचनालयात मोठा चाकू आहे. तो टेबलाच्या खणात असतो आणि लागेल तेव्हा नेमका वरच्या मजल्यावर असतो. शिवाय तो कुणी उघडला की वाचक मान वर करून बघतात. तुमचा चाकू मी एकदा बागेत उघडला होता. एका बाईच्या कडेवरच्या बाळाला सदऱ्याच्या मानेशी शिवलेली कंपनीची चिठ्ठी टोचत होती आणि ते रडत होते. मी चाकू काढला आणि त्या बाईने, मला ओळखत नसताना, बाळाची मान माझ्यापुढे वाकवली. मोठ्या चाकूपुढे तिने तसे केले नसते. मीही तो काढला नसता. माझ्यासारख्या माणसाला चारचौघांत काही बाहेर काढायचे म्हणजेच संकट असते.

रोजची कामे मी लिहीत गेलो: सुतळीची गाठ, लोंबणारा दोरा, पेन्सिलीचे टोक (बोथट पात्याने वाईट होते), पाकिटे, संत्र्याची साल, पुस्तकाच्या कण्यावरचा वाळका डिंक. लिहिताना मलाच नवल वाटले. एकाही कामाला त्याहून मोठे पाते लागत नव्हते. नखाची खाच मात्र उथळ आहे. म्हाताऱ्या नखांना ती खोल हवी, असे स्पष्ट लिहिले. बहिणीचे मत तिच्याच शब्दांत दिले, टोमॅटोसकट.

आणि मग दुसरा प्रश्न. मी उठून पाणी प्यालो. परत बसलो. लिहिले:

‘धार टिकली की नाही हे मला सांगता येत नाही, कारण ती मीच मारली. दुसऱ्या महिन्यात, मोरीच्या दगडावर.’ पुढे घडीची, तिरप्या जखमांची, बोथट पात्याची सगळी हकिकत. ‘तुम्हाला विचारायला हवे होते. विचारले असते तर तुम्ही कदाचित नीट बोथट करून दिले असते. मी केले ते ओबडधोबड आहे, टोकापाशी पाते लहरले आहे. याच भीतीने पाच महिने लिहिले नाही. माझ्या गप्प बसण्याचा तुम्ही चाकूवर ठपका ठेवलात असे कळले. ठपका माझा आहे.’

एवढे लिहून मला वाटले, हे वहीत उतरवण्यासारखे नाही. शिंप्याची एक ओळ होती, माळ्याचे तीन शब्द. माझी साडेतीन पाने. शिवाय माझ्यासारख्याच्या मतावर कुणी ऐरण ठेवावी की विकावी? खोडून लहान करायला घेतले. बहिणीने खांद्यावरून वाचले.

“एक अक्षर खोडलंस तर बघ,” ती म्हणाली. “पुन्हा पाच महिने लावशील.”

“पण निकाल काय, ते लिहिलंच नाही.”

“मग लिही की!”

मी शेवटी लिहिले, ‘हा चाकू रोज जवळ बाळगावा. ज्याला दिवसभरात जोराचे काम पडते त्याने नाही. ज्याला लहानसहान कामे पडतात आणि कुणाला घाबरवायचे नसते, त्याने अवश्य. पात्याची अवस्था पाहायला चाकू सोबत पाठवणार होतो. पण शनिवारी मला पुस्तके आहेत, आणि तो लागेल.’

गुरुवारी सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच मी पायरीवर उभा होतो. खिडकीतल्या बाईंनी पाकीट तोलले.

“साधं की तातडीचं?”

“उद्या पोचायला हवं.”

“मग तातडीचं. आत काय आहे?”

“उत्तर,” मी म्हणालो, आणि उगाचच लाजलो.

त्यांनी वर पाहिले नाही. तिकिटे चिकटवली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकले. परत मागून घ्यावे असे मला एकदा वाटले. तेवढ्यात मागचा माणूस म्हणाला, “आजोबा, झालं ना तुमचं?”

“हो, झालं,” मी म्हणालो आणि बाजूला झालो.