पुरे म्हणणारी पत्री

हात लावू नका मित्रांनो, बोटं काळी होतील. मी एक झिजून संपलेला ब्रेक पॅड आहे. जबल अख्दर डोंगराच्या पायथ्याशी हमदचं गॅरेज आहे, त्याच्या मागच्या भंगाराच्या पिंपात मी पडलो आहे. मला इथून कोणी उचलून नेणार नाही, आणि न्यावं असं माझ्यात काही उरलेलंही नाही. तरी ऐका. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, तेव्हा कोणी ऐकलं नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चांगला जाडजूड होतो. पोलादी पाठ, तिच्यावर दाबून बसवलेला टणक मसाला आणि कडेला पत्र्याची एक लहानशी पट्टी, म्हणजे पत्री. चाकाबरोबर फिरणारी तबकडी घट्ट धरायची आणि धरता धरता झिजायचं, हेच आमचं काम. मसाला संपत आला की ती पत्री तबकडीला घासते आणि चीं चीं आवाज येतो. आम्हाला तेवढंच बोलता येतं.

इकडे कॉफी पाजायची एक रीत आहे. फिंजान म्हणजे कॉफीची इवलीशी वाटी. ती रिकामी झाली की यजमान पुन्हा भरतो. पाहुण्याने फिंजान हलवला की समजायचं, पुरे. मग कोणी थेंबभरही ओतत नाही. माझी पत्री वाजणं म्हणजे माझं फिंजान हलवणंच होतं, मित्रांनो.

हमदने मला खल्फानच्या मोठ्या पांढऱ्या गाडीच्या पुढच्या उजव्या चाकात बसवलं. खल्फानचं घर वर डोंगरावर, डाळिंबांच्या बागेत. दर आठवड्याला तो आईला खाली आपल्या बहिणीकडे आणायचा. त्याची बायको जोखा मागे बसे, आणि आई पुढे उजवीकडे, अगदी माझ्या डोक्यावर; इकडे गाडी चालवणारा डावीकडे बसतो. घाट सुरू झाला की आईचं सुरू व्हायचं, "शुवै शुवै, बाळा. हळू हळू."

उताराला खालचा गिअर टाकावा, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं. पण इंजिन गुरगुरलं की आई दाराची कडी घट्ट धरून देवाचा धावा करायची. म्हणून खल्फान गिअर टाकतच नसे. वरपासून खालपर्यंत त्याचा पाय ब्रेकवर. आईला गाडी कशी पाण्यासारखी शांत वाटे, आणि इकडे मी भाजून निघे. एकदा वळणावर शेळ्या आडव्या आल्या. मी तबकडी अशी धरली, की गाडी जागच्या जागी उभी! आईने पुढच्या फळीवर हात फिरवला, म्हणाली, "गुणाची गं माझी गाडी." ती शाबासकी मी आपलीच मानली. दुसरी कधी मिळाली नाही.

मग मी पातळ झालो आणि पत्री वाजू लागली.

"गाडी ओरडतेय, ऐकू येत नाही का?" जोखा म्हणाली.

"तुझ्याइतकी नाही ओरडत."

"मी ओरडते म्हणून तुझं घर चालतंय. हमदला दाखव."

"धूळ बसली असेल गं."

"धूळ तुझ्या कानात बसलीय!"

आई कपाळाला हात लावून म्हणाली, "भांडा तुम्ही. पण तो आवाज तेवढा थांबव रे, डोकं उठलंय माझं."

ईदच्या आदल्या दिवशी खल्फान एकटाच हमदकडे आला. हमदने चाक काढलं, बॅटरी मारून मला पाहिलं आणि तो चुकचुकला. "अरे, हा संपलाय. नवे पॅड मागवतो, ईदनंतर येतील. तोवर गाडी वरच ठेव."

"दोन दिवसांचा प्रश्न आहे. उद्या आईला लेकीकडे नाही नेलं तर ईद कसली? तू आवाज बंद कर फक्त."

"आवाजाला औषध आहे, खल्फान. ब्रेकला नाही."

"ईद झाली की बदलतो, इन शा अल्लाह. आता कर ना, भाऊ आहेस ना माझा?"

सणाच्या तोंडावर, भाऊ म्हणणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? हमदने पक्कड घेतली आणि माझी पत्री वाकवली. पलीकडच्या चाकातल्या माझ्या भावाचीही वाकवली. आम्ही दोघे मुके झालो.

ईदच्या सकाळी घाटात सगळं शांत. "आज ओरडत नाही ती?" जोखाने विचारलं.

"पॅड बदलले," खल्फान म्हणाला. तिने विश्वास ठेवला. मागे शिजवलेल्या मटणाचं मोठं ताट होतं, त्याला हात लावून ती निवांत बसली. अगं जोखा, उतर खाली! पण सांगणार कशाने?

पाय ब्रेकवर तो ब्रेकवरच. मी लालबुंद झालो, माझ्यामागचं ब्रेकचं तेल उकळलं आणि खल्फानचं पेडल पार खाली बसलं. ब्रेक निकामी झालेल्या गाड्यांसाठी कडेला खडीची चढती वाट असते, ती समोर आली. खल्फानला वाटलं, अजून एकदा दाबतो, लागेल. ती वाट मागे गेली. पुढे वळण. डावीकडे दरी, उजवीकडे कडा. दरी नको म्हणून त्याने गाडी कड्यावर घातली. उजवीकडे आई होती.

"शुवै, बाळा," एवढंच ती म्हणाली.

आईला दफन करून काही दिवस झाले. खल्फान आणि जोखा मोडक्या गाडीतलं सामान न्यायला गॅरेजात आले. कोणी कोणाकडे बघेना. हमदने कॉफी ओतली. खल्फान प्यायला आणि फिंजान तसाच धरून बसला. हमदने पुन्हा भरला. तो प्यायला. पुन्हा भरला. कॉफी बोटांवरून सांडली तरी खल्फानचा हात काही हलेना. शेवटी जोखाने त्याच्या हातून फिंजान घेतला, हलवला आणि म्हणाली, "पुरे. मला आधी का नाही रे सांगितलंस?"

मित्रांनो, तुमच्या घरातही कुठेतरी चीं चीं होत असेल. चाकात, पंख्यात, नाहीतर एखाद्या माणसात. डोकं उठतं म्हणून तो आवाज दाबू नका. काय संपत आलंय, ते वाकून बघा.

मला आता कोणी सरळ करणार नाही. माझी पत्री अजून वाकलेलीच आहे.