गाडी फिरायची ती जागा

पाळणाघराची फरशी मी घातल्यापासून सहाव्या दिवशी तडकली. दाराजवळच्या दोन. मी त्या काढून नव्या बसवल्या, तर चार दिवसांनी शेजारच्या तीन गेल्या.

बाबा फरशीवाले. शाळा सोडल्यापासून दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे. आधी नुसती घमेली उचलली, मग न्हाणीघरं, जिने, ओटे. पण सगळं त्यांच्या नजरेखाली. हा हॉल पहिला, जिथे सकाळी दोरी मी बांधली आणि संध्याकाळी ओला बोळाही मीच फिरवला. बाबा तेव्हा दुसऱ्या कामावर होते.

शनिवारी ते येऊन बघून गेले. तडा गेलेल्या फरशीवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सोमवारी मी येतो. सगळी उखडू, मी घालून देतो."

ओरडले असते तर मी भांडले असते. ते समजुतीने बोलले, ते जास्त झोंबलं. म्हणजे सोमवारपासून परत घमेलं. आणि पुढचा मोठा मजला मला कधी मिळेल, देव जाणे.

पाळणाघरवाल्या ताई वाईट नव्हत्या. त्यांची पोरं एक तारखेपासून यायची होती, हातात दहा दिवस होते, आणि तडकलेल्या कडांवर अनवाणी पाय पडणार या विचारानेच त्यांची झोप उडाली होती. वाईट होता त्यांचा दीर. नोकरी बँकेत, पण मत प्रत्येक धंद्यात. बाबा गेल्यावर तो बुटाची टाच आपटत हॉलभर फिरला आणि म्हणाला, पोरीसोरींच्या हातात काम दिलं की असंच व्हायचं.

मी म्हटलं, फरशी टाचेने नाही, कानाने तपासतात, आणि तुमचे कान टोपीखाली आहेत.

ताईंनी तोंड फिरवलं. हसू लपवायला की राग, कळलं नाही. दीर म्हणाला, जीभ बरी चालते, तसा हात चालला असता तर बरं. मी हातातली रबरी हातोडी बादलीत टाकली, जरा जोरातच, आणि रंगाऱ्याने सोडलेल्या उंच लाकडी घोड्यावर चढून बसले. खाली राहिले असते तर काहीतरी भलतंच बोलून गेले असते. लवंगी नाव मला उगाच नाही पडलेलं.

तर वरून मला दिसलं. तडे गेले तिथे मी खडूने खुणा केल्या होत्या. खाली उभं राहून त्या कशाही पसरल्यासारख्या वाटायच्या, पण घोड्यावरून त्यांची एक ओळ लागत होती, आणि ती ओळ वाकत होती. ताटाच्या काठासारखी. उतरून मी खुणेपासून खुणेपर्यंत दोरी धरली. सरळ बसेचना. वाकवली की बसायची.

सिमेंट स्वतःहून गोल फुटत नाही. फुटतं तेव्हा वेडंवाकडं फुटतं. हे गोल होतं, म्हणजे खाली कुणीतरी काहीतरी गोल करून ठेवलेलं होतं.

मग मला एक गोष्ट आठवली आणि कान गरम झाले. ताईंना धूळ नको होती म्हणून मी जुन्या फरशीवरच नवी घातली होती. आणि त्या जुन्या फरशीलाही तडे होते. मी पाहिले होते. जुनी फरशी आहे, तडकणारच, असं म्हणून भरून टाकले आणि पुढे गेले. ते तडे कुठे होते, हे बघायची तसदी घेतली नव्हती.

ताईंना विचारलं, इथे आधी काय होतं? त्या म्हणाल्या, सोफ्याचं दुकान. त्याच्या आधीचं समोरच्या बॅगवाल्याच्या वडिलांना विचार. ते बोलायला लागले की त्यांना ब्रेक नाही, एवढं लक्षात ठेव.

समोर शाळेच्या बॅगा शिवायचं दुकान आहे. मुलगा शिवतो आणि आजोबा दाराशी स्टुलावर बसून चेन ओढून बघतात, नीट चालते का. मी त्यांना सरळच विचारलं, समोरच्या हॉलखाली विहीर होती का?

आजोबा इतके हसले की कवळी सावरावी लागली. म्हणाले, विहीर नाही गं बाई. चल, दाखवतो. आणि काठी घेऊन हॉलच्या बरोबर उलट दिशेला चालायला लागले. मी म्हटलं, आजोबा, हॉल इकडे आहे. ते म्हणाले, पुस्तक मधूनच उघडतात का?

मला अशा माणसांचा फार राग येतो. पण गेले.

आजोबा पूर्वी गाड्यांची सीटकव्हरं शिवायचे. या एका रस्त्यावर चार शोरूम होते आणि चारही शोरूमच्या गाड्या त्यांच्या सुईखालून जायच्या. "मला गाडी पुढून ओळखता येत नाही," म्हणाले. "डोळे बांधून आत बसव. बुडाला बरोबर कळतं."

कोपऱ्यावर डोळ्यांचा दवाखाना आहे. मी लहानपणापासून बघते आहे, पण दारापुढचा तो लांब उतार चाकाच्या खुर्चीसाठी बांधला असेल, असंच मला वाटायचं. तो शोरूमच्या नव्या गाड्यांसाठी होता. गाडीला रिबीन लावून विकत घेणारा माणूस स्वतः खाली उतरवायचा, आणि त्यातल्या निम्म्यांना नीट चालवता यायची नाही. सगळं घर दोन्ही बाजूंनी चालत हळू, हळू म्हणायचं. आम्ही उभे होतो तेवढ्यात डोळ्याला पट्टी बांधलेल्या एका बाईंना दोघे मुलगे धरून खाली आणत होते. हळू, आई, हळू. आजोबांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

त्याच्या पलीकडे व्यायामशाळा. तीच मोठी काच. आजोबा म्हणाले, तेव्हा आतल्या गाड्या उभ्या असायच्या आणि एकदा बाहेर पडल्या की कुठल्या कुठे जायच्या. आता आत माणसं तासभर पळतात आणि जागच्या जागी. काचेमागे एक जाडे गृहस्थ घाम पुसत पळत होते. आजोबांनी त्यांना हात केला. त्यांनीही केला, पळता पळता.

तिसऱ्या जागी अंड्यांचं गोदाम. तिथला तेव्हाचा गाड्यांचा विक्रेता म्हणे सगळ्या रस्त्यात शिष्ट. पांढरे बूट, आणि गिऱ्हाइकाने बॉनेटला बोट लावलं की लगेच रुमालाने पुसायचा. 'हात लावू नये' अशी पाटीच होती. मी वर बघितलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांच्या जागा अजून फिकट दिसत होत्या, प्रत्येकीला खिळ्यांची भोकं. अक्षरं गेली होती, पण जागा वाचता येत होती. आणि खाली, अंड्यांच्या चळतीवर, पुठ्ठ्याची पाटी: हात लावू नये.

मी हसले, आणि राग कुठे गेला कळलं नाही. रोज या रस्त्याने जाते, पण मान वर करून कधी बघितलं नव्हतं.

मी विचारलं, असं बघून वाईट नाही वाटत? आजोबा म्हणाले, वाईट कशाला. दुकानं बंद झाली तेव्हा चार वर्षं सगळा रस्ता रिकामा होता, ते वाईट होतं. काचांवर पोरं बोटाने नावं लिहायची. आता बघ, रांग लागते. "माझंच बघ की. सीटा गेल्या, बॅगा आल्या. सुई तीच."

मग आम्ही पाळणाघरात आलो. ताई आणि दीर तिथेच होते. आजोबा दारातून चार पावलं आत आले, थांबले, आणि काठीने हवेत एक मोठं वर्तुळ काढलं.

"इथे गाडी फिरायची," म्हणाले.

जमिनीत लोखंडी चकती होती. चौदा फुटांची. गाडी तिच्यावर उभी करायची आणि खाली मोटर. चकती दिवसभर गोल फिरायची, एक फेरा चार मिनिटांत. शोरूमच्या शेठना हौस, एका गिरणीतल्या फिटरकडून बनवून घेतलेली. गाडीत बसून बघायचं असलं की दार आपल्यासमोर येईपर्यंत वाट बघायची आणि पटकन चढायचं, झोपाळ्यावर चढतात तसं. एक म्हातारी एकदा बसली ती उतरेचना, सहा फेरे मारले, आणि शेवटी म्हणाली, गाडी नको, एवढं खालचं विकत द्या. सुट्टीच्या दिवशी लोक पोरांना घेऊन नुसतं बघायला यायचे. गाड्या काही जास्त खपल्या नाहीत, पण हा शोरूम कुणी विसरलं नाही.

पुढे सोफेवाला आला. त्याने चकतीवर सोफा फिरवला. मोटर जळाली तशी वैतागून वरून सिमेंटचा माल ओतला आणि फरशी घातली. निम्मी चकतीवर, निम्मी बाहेर.

दीर म्हणाला, म्हाताऱ्या माणसांना काहीही आठवतं. आजोबा शांतपणे म्हणाले, ग्रीस लावायला माणूस खाली उतरायचा, त्याचं झाकण मागच्या भिंतीशी आहे.

मागच्या भिंतीशी बूट ठेवायचं कपाट होतं. दीर आणि मी ते सरकवलं. त्याखाली दीड फूट रुंदीचं लोखंडी झाकण निघालं. दीराने वाकून त्यावरची धूळ झटकली.

मी बाबांना फोन करून बोलावलं. ते आले, भोकाकडे बघितलं, मग स्वतःच्या पोटाकडे. मी बॅटरी तोंडात धरून आत गेले.

खाली जेमतेम रांगण्याइतकी जागा. मधोमध एक जाड खांब आणि त्यातून छत्रीच्या काड्यांसारखे सहा दांडे निघालेले. प्रत्येक दांड्याच्या टोकाला चाक हवं. मी गुडघ्यांवर फेरी मारली, मोजलं. पाचच. दाराच्या बाजूच्या दांड्याला चाक नव्हतं. वर ताई चालत गेल्या आणि तो दांडा माझ्या डोळ्यांदेखत केसभर खाली आला आणि परत वर गेला.

बस. माझा माल चांगला होता. माझा हात चांगला होता. मजलाच झोका खेळत होता.

बाहेर आले तेव्हा डोक्यावर जळमटं आणि तोंडभर हसू. सगळं सांगितलं. मग तेही सांगितलं, जे सांगायचं नव्हतं: जुने तडे मी पाहिले होते आणि भरून टाकले होते. बाबांनी मान हलवली. म्हणाले, खड्डा काँक्रीटने भरून टाकू.

मी म्हटलं, ते सुकून घट्ट व्हायला तीन आठवडे. ताईंकडे दहा दिवस आहेत. मी सांगते. प्रत्येक दांड्याखाली विटांचा खांब, वर लोखंडी पट्ट्यांची पाचर, ठोकून घट्ट. म्हणजे झोका बंद. आणि वर चकतीच्या कडेने फरशी गोल कापायची, खालपर्यंत, आणि जोडात सिमेंट नाही, रबरासारखं सिलिकॉन. पुढे केसभर हललंच तर जोड हलेल, फरशी नाही.

बाबा म्हणाले, "चौदा फुटांचा गोल कापशील? हात जरा हलला तर सगळा हॉल हसेल."

"कापते."

"नाही जमलं तर?"

"तर तुम्ही उखडा. मी घमेलं धरते."

त्यांनी ताईंकडे बघितलं. ताई म्हणाल्या, मला काही कळत नाही, पण खाली ती उतरली.

खालचं काम दोन दिवस चाललं. विटा मी आत, बाबा भोकाशी, एकेक देत. मंगळवारी कापायला घेतलं. खालून खांबापासून भिंतीपर्यंत माप घेऊन वर मध्य काढला, तिथे खिळा, खिळ्याला तार, तारेच्या टोकाशी ग्राइंडर. तार ताठ धरायला माणूस लागतो. बाबा गुडघ्यांवर बसले आणि तार धरली. दीर, हो तोच, ओला स्पंज घेऊन धुळीवर पाणी सोडत माझ्यामागून सरकत होता. टोपी कानांच्या मागे सरकवलेली.

अर्ध्या गोलात मांडीला गोळा आला. थांबले नाही, कारण थांबलेल्या जागी पातं खाच पाडतं. शेवटच्या हातभर अंतरात नजर फक्त सुरुवातीच्या टोकावर, कापत आलेली रेघ त्याला भेटते की शेजारून जाते. भेटली. बोटाने चाचपलं, कुठे भेटली ते लागेना.

सिलिकॉन भरून, फुटलेल्या फरश्या बदलून, दोन दिवस कुणालाही आत सोडलं नाही. मग ताई, दीर, बाबा, आजोबा आणि आजोबांचा मुलगा अशा पाच जणांना मी दाराजवळच्या कडेवर एकत्र उभं केलं आणि उड्या मारायला सांगितलं. आजोबांनी काठी आपटली. मी जमिनीला गाल लावून रेघेकडे बघत होते. हलली नाही.

दीर म्हणाला, आता या गोल रेघेचं पालकांना काय सांगायचं? ताई म्हणाल्या, काही नाही, पोरं गोष्टीला गोल बसतातच.

एक तारखेला मी मुद्दाम काचेबाहेरून बघितलं. तीन वर्षांची अकरा पोरं रेघेवरून एकामागे एक पळत होती. कुणी सांगितलं नव्हतं. समोर आजोबांनी स्टूल बॅगांकडे पाठ करून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी बाबांना डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला, वरच्या मजल्याची लांब ओसरी करायची आहे, माप घ्यायला कधी येता. बाबा जेवत होते. घास गिळून म्हणाले, "मी नाही, मुलगी येईल." मग पलीकडचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हो, तीच ती, गोल कापणारी. पण जरा जपून बोला हं तिच्याशी."