हात वर

मंडईमागच्या पक्ष कार्यालयात प्रभाग अध्यक्षाची निवड नेहमी हात वर करून व्हायची. अभयला दोन्ही हात नव्हते. लहानपणी पतंग काढायला गेला, तेव्हा विजेच्या तारेने ते खांद्यापासून नेले. आजवर अडचण आली नव्हती, कारण तो दिव्यांग सेलचा प्रमुख होता आणि सेलला मत नसतं. गळ्यात उपरणं, मंचाच्या कडेला, फोटोपुरता. यंदा तो भांडून कार्यकारिणीत आला होता.

मतं समसमान पडली. एकीकडे जुने अध्यक्ष गोपाळकृष्ण, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, दुसरीकडे आम्रपाली. बरोबरी झाली की जुना अध्यक्ष कायम.

"माझं राहिलं, अण्णा," अभय म्हणाला.

"हात दिसला नाही बुवा."

कोणीतरी हसलं.

"तोंडी सांगतो. आम्रपालीताई."

"तोंडी चालत नाही. वर काहीतरी दिसायला हवं."

अभयने चप्पल काढली, खुर्चीत रेलला आणि उजवा पाय वर केला.

पाय नेमका भिंतीवरच्या, हार घातलेल्या संस्थापकांच्या फोटोकडे गेला. हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत अण्णांचा कार्यकर्ता समर्थ लोखंडी खुर्ची उचलून निघालाही होता.

"साहेबांना लाथ दाखवतोस, थोट्या?"

माणूस मार चुकवायला आधी हात आडवा घालतो. अभयने नुसती मान वळवली, कान फाटला. दुसऱ्या फटक्याला तो फरशीवर तोंडघशी पडला आणि हनुवटी फुटली. समर्थ बरगड्यांत लाथा घालू लागला. आम्रपालीने त्याला केस धरून ओढलं, तर त्याने कोपराने तिचा ओठ फोडला.

तेवढ्यात अभय भिंतीला पाठ लावून उठला होता. समर्थ वळला तसं त्याने डोकं त्याच्या तोंडावर हाणलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"बास," अण्णा म्हणाले. "अभय, तुला पक्षातून काढलं. आत्ताच्या आत्ता."

अभय रक्त थुंकला. "काढा ना. पण काढतात ते सदस्याला. म्हणजे मघाशी मी सदस्य होतो. आधी मघाचं मत मोजा, मग काढा."

आता कोणी हसलं नाही. अण्णांच्याच दोघांनी "मोजा, अण्णा" म्हणत माना खाली घातल्या.

"आम्रपाली. एका मताने," अण्णा म्हणाले. "आणि हा बाहेर."

आम्रपालीने पदराने ओठ दाबला. "काढायचा अधिकार अध्यक्षाचा ना, अण्णा? अभय, तू बस. समर्थ, तू नीघ."